टेबलावर काही नाही

रोज संध्याकाळी ग्रंथालय बंद व्हायच्या आधी सोनाली हातात स्कॅनर घेऊन तळमजल्यावर यायची, दारातूनच आत नजर टाकायची आणि म्हणायची, "ओव्हाळ मॅडम, तुमच्या टेबलांवर आजही काही नाही." मंदाकिनीबाई चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि म्हणायच्या, "नसणारच." त्या एका शब्दात मावेल तेवढा अभिमान त्या भरायच्या. सोनाली हसून जिना चढून वर जायची. तीन वर्षं हे असंच चाललं होतं, आणि तीन वर्षं बाई रात्री शांत झोपत होत्या.

सदाशिव पेठेतल्या त्या जुन्या संशोधन संस्थेत वरच्या मजल्याचा थाट मोठा. तिथे विद्वान बसत, त्यांचे फोटो भिंतीवर लागत. खाली मागच्या बाजूला, सायकल स्टँडच्या शेजारी, शासकीय प्रकाशनांचा विभाग. राजपत्रं, अंदाजपत्रकं, आयोगांचे अहवाल, जिल्ह्याजिल्ह्यांच्या जनगणना पुस्तिका. छताला टेकलेल्या लोखंडी रॅक, चार लांब टेबलं, एक कुरकुरणारा पंखा. वरचे लोक या विभागाला 'गोदाम' म्हणत. मंदाकिनीबाईंच्या कानावर ते यायचं. त्या एवढंच म्हणत, "गोदामात माल असतो. वर काय असतं ते वरच्यांना माहीत."

त्या इथे आल्या त्याही स्वतःहून. त्यांचे वडील रंगनाथ दारूगोळा कारखान्यात कामगार होते. विश्रांतवाडीत दोन खोल्या. शाळेत घालताना मास्तरांनी त्यांच्या नावापुढे आडनाव म्हणून जे लिहिलं ते आडनाव नव्हतंच, गावानं हाक मारायला ठेवलेलं हिणकस नाव होतं. ते त्यांनी अर्धं आयुष्य सोसलं. धम्म स्वीकारलेल्या घरात तेवढं एकच जुनं उरलं होतं. शेवटी त्यांनी रीतसर अर्ज करून नाव बदलून घेतलं आणि ते राजपत्रात छापून आलं. ते पान त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून अख्ख्या गल्लीला दाखवलं. बारीक टायपातल्या शेकडो नावांत बापाचं नाव शोधायला लहान मंदाकिनीला बराच वेळ लागला होता. सापडलं तेव्हा वडील म्हणाले, "बघ, आता हे कुणाला खोडता येणार नाही." पुढे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन ती मुलाखतीला गेली आणि तिनं हाच विभाग मागितला. मुलाखत घेणारे गृहस्थ हसले होते. "अहो, तिथे कोणी फिरकत नाही," ते म्हणाले. तिला नोकरी मिळाली ती बहुधा त्यामुळेच.

फिरकत मात्र होते लोक. पेठेत खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं आर्थिक पाहणीचे अहवाल बघायला येत. वकिलांचे कारकून येत. जुनं राजपत्र शोधत कुणी कुणी लांबून येत. भंडाऱ्याची राजनंदिनी नावाची मुलगी आजोबांच्या नावबदलाची नोंद शोधायला आली, आठवडाभर बारीक अक्षरांशी झुंजली, आणि नोंद सापडल्यावर टेबलावर डोकं टेकून रडली. बाईंनी तिला पाणी दिलं. त्या रडण्याची त्यांना ओळख होती.

या विभागातून एकही ग्रंथ बाहेर न्यायचा नाही, इथेच बसून वाचायचा, हा नियम पहिल्यापासूनचा. त्यामुळे सगळी मदार पुस्तक पुन्हा जागेवर जाण्यावर. ते काम शिपाई बाबुराव करायचे. सरकारी अहवालाला ना लेखकाचं नाव ना धड शीर्षक. खातं आणि साल, एवढीच त्याची ओळख. एकदा भलत्या रॅकमध्ये गेला की गेलाच. बाबुराव हे डोळे मिटून करायचे. ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. 'भरू' असं वरून पुष्कळदा सांगण्यात आलं. बाई एकट्या, गुडघे दुखरे, टेबलांवर ढीग. शेवटी त्यांनी जुन्या बाइंडिंगचे पुठ्ठे कापून पट्ट्या केल्या, घरी बसून त्या लाल रंगवल्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून आपल्या टेबलावर ठेवल्या. पुस्तक काढताना वाचकानं त्या जागी पट्टी खोचायची. वाचून झालं की पुस्तक पट्टीच्या जागी लावायचं आणि पट्टी बाईंच्या हातात आणून द्यायची. भिंतीवर पाटी लागली: 'पुस्तक जिथून काढले तिथेच ठेवावे. जागा लक्षात राहत नसेल तर मुळात काढू नये.'

आधी कुरकुर झाली. "आम्ही वाचक आहोत की शिपाई?" असं एका कारकुनानं विचारलं. बाई म्हणाल्या, "शिपाई असतात तर पगार मागितला असतात. वाचकच आहात." पण हळूहळू सगळे रुळले. पट्टी परत आली की बाई मान वर करून म्हणायच्या, "छान." एवढंच. पण त्या एका 'छान'साठी ती मोठमोठी माणसं शाळेतल्या मुलांसारखी टेबलापाशी येऊन उभी राहायची. नवीन येणाऱ्याला जुना वाचकच शिकवायचा. "जागेवर असलेलं पुस्तक हरवत नाही," हे बाईंचं वाक्य जो तो एकमेकांना ऐकवायचा. संध्याकाळी चारही टेबलं स्वच्छ. बाईंना आयुष्यात कुठली गोष्ट मनासारखी जमली असेल तर ती ही.

आणि मग होते अनंतराव. धायरीचे. बसवर ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर एक दिवस आले आणि जनगणना पुस्तिकेतलं आपलं गाव बघून गेले. विहिरी किती, शाळा होती का, पोस्ट कुठल्या गावात, बाजार कुठल्या वारी. दुसऱ्या दिवशी शेजारचं गाव. मग तालुका. तालुका संपला तसा पुढचा खंड, मग जिल्हा संपवून त्याच्या पुढचा जिल्हा, रॅकमध्ये खंड ज्या क्रमानं उभे आहेत त्या क्रमानं. वर्षानुवर्षं.

"काय शोधताय, अनंतराव?" बाईंनी एकदा विचारलं.

"शोधत काय नाय, मॅडम. बघतोय. एवढी वर्सं गाडी हाकली, पण स्टँडाच्या पुढं कुठलं गाव बघितलं नाय. हितं सगळी हायत."

असा वाचक मिळायला भाग्य लागतं, असं त्या घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या. दशरथराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पत्ता नसलेलं पाकीट आहे तो माणूस." पण हसून म्हणाले.

सौरभ सर ग्रंथपाल म्हणून आले ते या सगळ्यानंतर. तरुण, नम्र, कामाचा. तो वाईट माणूस नव्हता आणि तेच वाईट झालं; वाईट असता तर भांडता आलं असतं. त्यानं सगळीकडे बारकोड लावले, नवी संगणक प्रणाली आणली आणि परिपत्रक काढलं: वाचून झाल्यावर पुस्तके टेबलावरच ठेवावीत. मंदाकिनीबाईंनी परिपत्रक वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवलं. वरच्या मजल्यावर लोक पुस्तकं भलतीकडे कोंबतात, त्यांच्यासाठी आहे हे, असं त्यांनी ठरवून टाकलं. आपल्याकडे गरज नाही. विचारावंसंही वाटलं नाही. शिकवलेल्या माणसांना पुन्हा बिघडवायचं कशाला?

निवृत्तीला काही महिने उरले असताना सौरभनं त्यांना वर बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच बाईंना शंका यायला हवी होती.

"मॅडम, तुमच्यानंतर तो विभाग सुरू ठेवायचा नाही असं समितीचं मत पडतंय," तो म्हणाला. "तिथे अभ्यासिका करायची. ग्रंथ शहराबाहेर एका गोदामात जातील. पुढचं पुढे बघू."

'पुढचं पुढे बघू' याचा अर्थ त्या संस्थेत कुणालाही समजावून सांगावा लागत नसे. आधी गोदाम, मग वाळवी, मग रद्दीवाला.

"का पण?"

"वापरच नाहीये ना. हे बघा." त्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला. प्रत्येक विभागापुढे महिन्यावार आकडे होते. त्यांच्या विभागापुढे सगळीकडे शून्य.

"शून्य कसं असेल? आत्ता मी आले तेव्हा सगळी टेबलं भरलेली होती."

"माणसं मोजत नाही आपण, मॅडम. अभ्यासाला नुसतं पंख्याखाली येऊन बसणारेही असतात. वाचलेली पुस्तकं मोजतो. संध्याकाळी टेबलांवर जी राहतात ती सोनाली स्कॅन करते. तुमच्याकडे काहीच नसतं. तीन वर्षांत एकदाही नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांना सोनाली दारात उभी दिसली, आणि चष्मा पुसत 'नसणारच' म्हणणारी स्वतःची मूर्ती दिसली. रोज संध्याकाळी, हसतमुखानं, आपल्याच हातानं आपण या विभागाचं नाव पुसत आलो. कुणी दुष्टावा केला नव्हता. त्यांच्या वाचकांनी त्यांचं ऐकलं होतं, इतकंच.

त्यांनी सौरभला पट्ट्यांची हकिगत सांगितली. तो ऐकत राहिला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "दिवाळीनंतर समितीची शेवटची बैठक आहे," तो म्हणाला. "तोवर आकडे येऊ द्या. मी मांडतो."

बाई खाली आल्या, भिंतीवरची पाटी उतरवली आणि परिपत्रकातलं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. वाचकांना जमवून सांगितलं, "उद्यापासून पुस्तकं टेबलावर ठेवून जायची. विभाग टिकायचा असेल तर." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि संध्याकाळी सगळ्यांनी पुस्तकं जागेवर लावून पट्ट्या आणून दिल्या. एक मुलगी दारापर्यंत गेली, जीभ चावून परत आली, पुस्तक पुन्हा काढून टेबलावर ठेवलं आणि अपराध्यासारखी निघून गेली. अनंतरावांची तर फार ओढाताण झाली.

"असं उघड्यावर टाकून जायचं, मॅडम? हात होत नाय."

"व्हायला हवा, अनंतराव."

"तुमीच शिकवलं."

"हो," बाई म्हणाल्या. "मीच."

हळूहळू हात वळले. टेबलांवर पुस्तकं राहू लागली. सोनाली स्कॅन करू लागली, ते यंत्र टीक टीक वाजायचं आणि प्रत्येक आवाजाला बाईंच्या जिवाला बरं वाटायचं. पण मध्येच परीक्षा संपल्या, मुलं गावी गेली आणि काही दिवस फक्त अनंतराव उरले. तेव्हा घरी दशरथराव म्हणाले, "अगं, तूच चार-सहा काढून ठेवत जा की. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"विभाग राहील ना पण."

बाई भांडी घासायला उठल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोली रिकामी असताना त्यांनी खरंच एक राजपत्राचा खंड काढला आणि टेबलावर ठेवला. नुसता ठेवला, उघडलाही नाही. मग वडिलांचं ते प्लास्टिकच्या पिशवीतलं पान आठवलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. सोनालीची पावलं जिन्यावर वाजायच्या आत तो खंड जागेवर गेला होता.

बैठकीला त्यांना बोलावलं गेलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक होते, गोड बोलणारे. त्यांच्यापुढे छापील आकडे होते.

"ओव्हाळबाई, तीन वर्षं शून्य, आणि बंद करायचा विषय निघाल्याबरोबर एकदम वाचक उगवले. चांगलं आहे." ते हसले. "पण हे काय आहे? जनगणनेचे खंड. एकाच रॅकमधले, एकापुढे एक, ओळीनं. जसे लावलेत तसे. माणूस असा वाचतो का हो?"

"एक गृहस्थ वाचतात, सर. धायरीहून येतात. अनंतराव म्हणून आहेत."

"कशासाठी? संशोधन?"

"नाही."

"कोर्टाचं काही काम?"

"नाही. गावं बघतात."

टेबलाभोवती कुणीतरी हसलं. बाईंची कानशिलं तापली. "ते आत्ताही खाली बसलेत. बोलावू का?"

"नको, नको. कशाला त्यांना त्रास?" अध्यक्ष म्हणाले आणि कागद पालथे घातले. "आपण इतकी वर्षं सेवा केलीत, बाई. आपल्याबद्दल आदरच आहे. निवृत्तीच्या तोंडावर माणूस थोडा भावनेच्या आहारी जातो. आम्ही समजू शकतो."

सौरभ खाली बघत होता. चोरी करून पकडलं गेलं असतं तर निदान चोरी तरी पदरात पडली असती. इथे एकही खोटी नोंद न करता त्या खोट्या ठरल्या होत्या, आणि तेही आदरानं. उठताना त्यांनी खुर्ची सरळ करून आत सरकवली. ती सवयही जाणार नव्हती.

त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यातच हमाल आले. अंगणात टेम्पो लागला. हमाल रॅकमधून हाताला येतील तेवढे खंड उचलत, पोत्यात कोंबत, तोंड शिवत. बाबुरावांचा क्रम, बाईंचा क्रम, सगळं एका पोत्यात. मुलं दारातूनच बघून परत गेली. अनंतराव मात्र नेहमीसारखे आले, पट्टी घेतली, खंड काढला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसले. धुळीनं खोकत होते, पण बोट ओळीवरून हलत नव्हतं.

बाई त्यांच्याजवळ गेल्या. "कुठवर आलात?"

"तालुका संपत आला. थोडीच गावं ऱ्हायलीत." ते वर न बघता म्हणाले. "पुडचे खंड तर आता कुठं बघायला मिळनार? निदान हा तालुका पुरा झाला आस्ता."

मंदाकिनीबाईंनी त्या खोलीतून आजवर एक पानही कुणाला बाहेर नेऊ दिलं नव्हतं. मंत्रालयातून आलेल्या माणसालासुद्धा नाही.

"हा खंड घरी न्या, अनंतराव. कायमचा."

म्हाताऱ्यानं मान वर केली. त्यांना ते खरं वाटेना.

"मी सरांची सही घेऊन येते. तुम्ही वाचा. तोवर उठावं लागलंच तर टेबलावरच ठेवा. टेबलावर, हं."

तेव्हाही त्या सहीला गेल्या. तसाच उचलून हातात दिला असता तर त्या मंदाकिनीबाई नसत्या. जिना चढताना गुडघा बोलत होता. सौरभनं अर्ज वाचलाही नाही, लगेच सही केली. "मॅडम, एकच कशाला? हवे तेवढे द्या त्यांना," तो म्हणाला. त्याला उपकार करायचे होते. ते वाक्य बाईंच्या अंगावर आलं. एवढं स्वस्त होतं हे?

त्या खाली आल्या. कोपऱ्यातलं टेबल मोकळं होतं. अनंतराव बाईंच्या टेबलापाशी उभे होते, दाराकडे तोंड करून, त्यांची वाट बघत. हातात लाल पट्टी.

"हमाल आला ना, मॅडम, अन् टेबलावरचं पुस्तक पोत्यात घालाया लागला," ते घाईनं सांगू लागले. "म्हटलं, हितं ऱ्हायलं तर जाईल. मी त्याच्या हातातनं काडून घेतलं अन् नीट जागेवर लावून आलो. आता कुटं जात नाय. जागेवर असलेलं पुस्तक हरवत नाय."

बाईंनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. जनगणनेची रॅक वरपासून खालपर्यंत रिकामी होती. दोन हमाल शेवटचं पोतं ओढत अंगणात चालले होते. बाहेर टेम्पोचं फाळकं आपटल्याचा आवाज आला. अनंतरावांनी मागे वळून पाहिलं नव्हतं. ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

सहीचा कागद बाईंनी मुठीत दाबला. पट्टी हातात घेतली, पत्र्याच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"छान," त्या म्हणाल्या.